अस्मानी कोणाच्या अंगावर?

कसबा बावड्याच्या श्रोत्यांपुढे टेंडर या विषयावर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, वसंताच्या दिवसांत लोकांना ऐकविण्यासारखे दुसरे काही सुचले नाही काय? प्रश्न रास्त होता. टेंडर हा शब्दच असा आहे की तो कानी पडताच निम्मे लोक जांभई देतात आणि उरलेले निम्मे एकमेकांकडे पाहून हसतात. परंतु हसणाऱ्यांच्या मनात असते ती लाचलुचपत, आणि आज आम्हांला तिच्याविषयी बोलावयाचे नाही. ठेका देणारा प्रामाणिक, घेणाराही प्रामाणिक, आणि तरीही काम अर्धवट राहते, भांडण कोर्टात जाते, शेवटी पैसा लोकांच्या खिशातून जातो, असे का होते? आमचा विषय एवढाच आहे.

आरंभ आपल्या दारातल्या राजाराम बंधाऱ्यापासून करू. पंचगंगेचे पाणी किती चढले हे साऱ्या जिल्ह्याला या बंधाऱ्यावरून कळते. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैत छप्पन फुटांच्याही वर, हे येथील लहान मुलालाही तोंडपाठ आहे. आता अशी कल्पना करा की नदीकाठच्या एखाद्या कामाच्या जाहिरातीत लिहिले आहे, 'पूर आल्यास ठेकेदारास मुदतवाढ मिळेल.' पूर म्हणजे काय? पाणी पात्राबाहेर पडले की पूर, एकोणचाळीस फूट झाले की पूर, की त्रेचाळीस? ठेकेदार म्हणेल, माझी वाळू वाहून गेली तोच माझा पूर. साहेब म्हणतील, धोक्याची पातळी गाठली नाही, सबब पूर आलाच नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. जाहिरात लिहिणाऱ्याने एक आकडा लिहिण्याचा कंटाळा केला, इतकेच. तो आकडा बंधाऱ्यावर रंगवून ठेवलेला असताना!

ही भानगड इंग्रजांनी आणली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. आपल्याकडे सरकारी कामे व सरकारी उत्पन्ने मक्त्याने, इजाऱ्याने देण्याची चाल जुनी आहे, आणि त्या चालीबरोबरच 'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द दस्तऐवजांत आला. आज आपण तो सुस्कारा टाकताना वापरतो. मूळचा तो हिशेबाचा शब्द आहे. अस्मानी म्हणजे आभाळातून येणारे संकट, अवर्षण वा अतिवृष्टी. सुलतानी म्हणजे राजकारणातून येणारे, फौजेने मुलूख तुडविला, लुटला, तर. अशा आपत्ती आल्यास ठरल्या रकमेत सूट मिळावी, हा त्या शब्दांमागचा हेतू. आजच्या करारनाम्यांत 'दैवी आपत्ती' म्हणून जे कलम असते, ते आपल्या वाडवडिलांनी दोन शब्दांत बसविले होते.

मात्र दोन शब्दांत बसविल्यामुळेच त्यात वाद शिरला. किती पाऊस कमी पडला म्हणजे अस्मानी? शेजारच्या गावात पीक आले आणि या गावात गेले, तर ती अस्मानी की कुळाचा आळस? जोवर मामलेदार माहितगार होता आणि वर्षानुवर्षे त्याच परगण्यात राहत होता, तोवर हे प्रश्न तो डोळ्यांनी पाहून सोडवी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावाने देण्याचा सपाटा सुरू झाला तेव्हा हे बिघडले. जो अधिक रक्कम बोलेल त्याला मामलत. पुढच्या वर्षी त्याहून अधिक बोलणारा भेटला की पहिल्याची उचलबांगडी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. वरचा इजारदार खालच्याला पोटइजारा देई, तो आणखी खालच्याला. जोखीम अशी पायरी पायरीने उतरत जाई आणि शेवटी जो तिला खाली ढकलू शकत नसे त्याच्या, म्हणजे रयतेच्या, अंगावर पडे. लिलावात बोली चढवणाऱ्याने पुढच्या साली पाऊस पडेल की नाही याचा विचार केला नव्हता असे नाही. केला होता; पण न पडल्यास तो आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या पोटावर येणार हे त्याला ठाऊक होते.

इंग्रजी अमलात या अस्मानीला मोजमाप मिळाले, ते आणेवारीचे. सोळा आणे पीक म्हणजे पुरते पीक. त्याच्या मानाने यंदा किती आणे, ते पाहून साऱ्याच्या तहकुबीचा किंवा माफीचा विचार व्हावयाचा. पुढे आणे गेले आणि पैसे आले, तरी 'पन्नास पैशांच्या आत' हे शब्द शेतकऱ्याच्या कानाला आजही ओळखीचे आहेत. आणेवारी करणाऱ्यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी असतात आणि त्यांपैकी पुष्कळ खऱ्याही असतात. पण तक्रार करावयालासुद्धा आकडा लागतो. 'आठ आणे लिहिले, पण पीक पाच आणेच होते' असे भांडता येते. 'फार वाईट साल होते' असे भांडून काही निष्पन्न होत नाही.

आता घाट चढू. मुंबईहून पुण्यास रेल्वेने जाताना कर्जतपासून खंडाळ्यापर्यंत जे बोगदे लागतात, त्यांची मोजदाद मुले मोठ्या हौसेने करतात. मूळ मार्ग सुमारे सोळा मैलांचा, चढ 1831 फुटांचा आणि बोगदे पंचवीस. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने बोरघाटाचे हे काम 1855 मध्ये विल्यम फेव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला दिले. हा नवशिका नव्हता. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली रेल्वे बांधणाऱ्यांपैकी तो होता. 1856 च्या जानेवारीत घाटाचे काम सुरू झाले. डोंगराच्या पोटात काय आहे हे सुरुंग लावल्याखेरीज कोणालाच कळणार नव्हते, आणि दर तर सुरुंग लावण्यापूर्वीच ठरवावयाचे होते. सह्याद्रीचा काळा दगड किती कठीण आहे, हे किल्ले बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते! पाऊस चार महिने काम बंद पाडतो. पटकीची साथ आली की माणसे मरतात आणि उरलेली घाट उतरून पळतात. हे सारे लंडनमध्ये सही करताना कागदावर कितीसे दिसणार?

आणि येथेही इजाऱ्याचीच पायरी उतरली. बड्या कंत्राटदाराखाली छोटे कंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, मुकादमाखाली मजूर. वरून पैसा आटला म्हणजे खाली मजुरी थकते. 1859 च्या जानेवारीत मजुरीसाठी तटलेले हजारो मजूर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अंगावर गेले. सरकारला चौकशी नेमावी लागली. मार्चमध्ये फेव्हिएलने कंत्राट सोडले. काही महिने कंपनीने आपल्याच एंजिनिअरांकडून काम चालविले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार आला आणि येऊन महिनाही झाला नाही तोच आजाराने मरण पावला. पुढची गोष्ट विलक्षण आहे. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन एंजिनिअरांवर काम सोपवून तिने ते पुरे करविले. 1861 च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे त्या घाटात राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

पण या सर्व घालमेलीत कंपनीचे भागीदार फारसे का हलले नाहीत, हे पाहिले पाहिजे. 1849 च्या करारान्वये त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी होती. काम महाग पडो, लांबो, कंत्राटदार पळो वा मरो, पाच टक्के ठरलेले. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाचे. म्हणजे डोंगर कठीण निघाला तर त्याचा भार कोणावर? कंत्राटदारावर थोडा, भागीदारावर मुळीच नाही, मजुरावर त्याच्या मजुरीइतका आणि रयतेवर उरलेला सर्व. करारात हे स्पष्ट शब्दांत लिहिले होते, संदिग्ध नव्हते. तेव्हा शब्द स्पष्ट असले म्हणजे न्याय झालाच, असेही कोणी समजू नये. मजुरांच्या बाबतीत मात्र एक झाले: रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा लवकर निकाल लागावा म्हणून 1860 साली नववा कायदा करण्यात आला.

डोंगराच्या पोटातील दगडाची ही गोष्ट आजही प्रत्येक गावच्या टेंडरात घडते, आणि तिचा एक हिशेब मांडल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, खोदाईचे काम आहे. एस्टिमेटात 900 घनमीटर मुरूम आणि 100 घनमीटर कठीण खडक धरला आहे. पहिला ठेकेदार सरळमार्गी. तो मुरमाला 100 रुपये आणि खडकाला 400 रुपये दर भरतो. बेरीज 1,30,000. दुसरा ठेकेदार त्याच गावात विहिरी खणून म्हातारा झालेला. हाताभराच्या खाली खडक आहे हे त्याला ठाऊक. तो मुरमाला 70 आणि खडकाला 600 रुपये भरतो. बेरीज 1,23,000. सर्वांत कमी त्याचेच, म्हणून काम त्याला. प्रत्यक्षात मुरूम निघाला 500 आणि खडकही 500. पहिल्याचे बिल 2,50,000 झाले असते; दुसऱ्याचे झाले 3,35,000. ज्याला 'स्वस्त' म्हणून निवडले तो पंचाऐंशी हजारांनी महाग पडला, आणि त्याने एक अक्षरही खोटे लिहिले नाही.

याला दोष कोणाला द्यावा? आमच्या मते अधिक दोष एस्टिमेट करणाऱ्याचा. दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहिले असते तर खडक दिसला असता. त्या खड्ड्यांचा खर्च वाचविला आणि त्याच्या अनेकपट रक्कम बिलात भरली. आपल्या बांधकाम खात्यात बी-1 म्हणून जो टेंडरचा प्रकार आहे, त्यात ठेकेदाराने कलमवार दर न भरता खात्याने धरलेल्या एकूण दराच्या इतके टक्के कमी वा इतके टक्के अधिक असे सांगावयाचे असते. त्याने वरील हिकमतीला आळा बसतो. पण खडकाचे अज्ञान त्यानेही जात नाही. ते फक्त टक्क्यांत जाऊन बसते. ठेकेदाराला जे ठाऊक नाही त्याची तो किंमत लावतो, हे साधे गणित आहे. कागद जितका अंधुक, तितका शहाणा ठेकेदार टक्का चढवितो. जो चढवीत नाही तो एकतर भोळा असतो किंवा पुढे भांडून वसूल करण्याचा बेत त्याने आधीच केलेला असतो. मग काम भोळ्याला मिळाले तर तो मध्येच टाकून जातो आणि बेत करणाऱ्याला मिळाले तर लवादापुढे जावे लागते. म्हणूनच टेंडर भरण्याआधी बैठक घेऊन शंका विचारू देण्याची आणि त्यांची उत्तरे सर्वांना लेखी देण्याची चाल पडली. चाल उत्तम, पण जो खरी शंका विचारतो तो आपल्याला काय ठाऊक आहे हे प्रतिस्पर्ध्यांना सांगून बसतो, म्हणून पुष्कळदा त्या बैठकीत चहाच अधिक होतो.

कायद्याने या बाबतीत काय केले? 1872 च्या कराराच्या कायद्यात एकोणतिसावे कलम आहे: ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. तेथे दिलेले उदाहरण घरगुती आहे. 'शंभर टन तेल देईन' असे कोणी कबूल केले, पण कोणते तेल ते सांगितले नाही, तर करार फुकट. पण देणारा केवळ खोबरेलाचाच व्यापारी असेल, तर तेल म्हणजे खोबरेल, आणि करार पक्का. सरकारी कामाच्या भांडणांत बहुधा हा दुसरा प्रकार असतो. शब्द अर्धा उघडा असतो आणि उरलेला अर्थ धंद्यावरून, वहिवाटीवरून काढावयाचा असतो.

मुंबईतले असे एक भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1977 च्या जानेवारीत मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या वर्गाचे उपाहारगृह व दोन फराळाची दुकाने चालविण्यासाठी टेंडरे मागविली गेली. अट अशी की, 'दुसऱ्या वर्गाचे नोंदलेले हॉटेलवाले' असावेत व त्यांना किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. सर्वांत अधिक भाडे ज्यांनी देऊ केले, त्यांना उपाहारगृहांचा म्हणजे कॅन्टीनांचा दहा वर्षांचा अनुभव होता, परंतु दुसऱ्या वर्गाचे नोंदलेले हॉटेल ते चालवीत नव्हते. प्राधिकरणाने त्यांनाच ठेका दिला. कॅन्टीनवाला हा हॉटेलवाला नव्हे काय? चहा तोच, वडा तोच! 4 मे 1979 रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला तो असा की, सरकारने एकदा अट घातली की सरकारही तिला बांधलेले. न्यायालयाने येथे जे पाहिले ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. टेंडर भरणाऱ्यांपुरताच हा प्रश्न नाही. अट वाचून 'आपण यात बसत नाही' म्हणून जे घरी राहिले, त्यांचाही आहे. अट सैल होती हे कळले असते तर तेही आले असते. ज्यांनी टेंडर भरलेच नाही त्यांच्यावरील अन्याय कोणत्याही फायलीत दिसत नाही. मात्र अर्जदार उशिरा आला होता, मधल्या काळात ठेकेदाराने पैसा घातला होता, म्हणून ठेका रद्द केला नाही. तत्त्व अर्जदाराच्या बाजूने गेले, आणि उपाहारगृह होते तसेच चालू राहिले.

भाव चढल्याचे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्यांविषयी न्यायालय अधिक कठोर आहे. सैन्याला तूप पुरविणाऱ्या एका पेढीचे प्रकरण 1960 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. करार महायुद्धापूर्वीचा, 1937 चा. युद्धाने सर्व परिस्थिती पालटली. लवादाने पेढीला अधिक रक्कम दिली होती. न्यायालयाने ती नाकारली. परिस्थिती अवघड झाली म्हणून लेखी शर्त बाजूस सारता येत नाही, असे ठरले. युद्ध ही तर शुद्ध सुलतानी. पण सूट कागदावर लिहिली असेल तेवढीच मिळावयाची.

आता पुन्हा कोल्हापुरात येऊ. पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल 1878 चा. त्याच्या शेजारी नवा पर्यायी पूल हवा, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. काम सुरू झाले, बरेचसे झाले आणि अडले. का? जवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. संरक्षित प्राचीन स्थळापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करू नये असा 2010 चा कायदा. ब्रह्मपुरीचे उत्खनन 1945-46 मध्ये झाले. तेथे सापडलेला समुद्रदेवाचा रोमन पुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे आणि शाळेच्या सहलीत तो आपण सर्वांनी पाहिला आहे. म्हणजे टेकडी काही रात्रीतून उगवली नव्हती. परवानगी कोणी मिळवावयाची, ती न मिळाल्यास थांबलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न पहिला खांब रोवण्यापूर्वीचे होते. ते खांब उभे राहिल्यावर विचारले गेले. अर्धा पूल आभाळाकडे तोंड करून वर्षानुवर्षे उभा होता आणि रहदारी जुन्याच पुलावरून चालली होती. 26 जानेवारी 2018 च्या रात्री त्या जुन्या पुलावरून एक मिनीबस नदीत कोसळली. तेरा माणसे गेली. त्या अपघाताचा दोष अडलेल्या पुलावर ढकलणे बरोबर होणार नाही. परंतु त्या रात्रीनंतर नव्या पुलाविषयी शांतपणे बोलणे कोल्हापुरात कोणाला शक्य राहिले नाही. पुढे काम मार्गी लागले आणि पूल खुला झाला.

टोलची गोष्ट आपल्या सर्वांच्या आठवणीतली आहे, तेव्हा ती थोडक्यात. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीने आपल्या पैशाने बांधावयाचे, सुमारे 220 कोटींचे काम, आणि तीस वर्षे टोल घेऊन वसुली करावयाची. त्याखेरीज टेंबलाईवाडीचा भूखंड. कागदावर ही रचना मोहक होती: महापालिकेने एक पैसा घालावयाचा नाही आणि रस्ते मात्र मिळावयाचे. 2013 च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली आणि भांडण 'पुरे' या एका शब्दावर येऊन ठेपले. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली. आंदोलकांचे म्हणणे, काम पुरे नाही, चांगले नाही. मग टोल कशाचा? गटारे, पदपथ, दिव्यांचे खांब हे रस्त्यात धरावयाचे की रस्त्याबाहेर? डांबर संपले तेथे रस्ता संपतो असे कंपनी मानू शकते, पण पावसाळ्यात घरात पाणी शिरणाऱ्या माणसाला गटार हा रस्त्याचाच भाग वाटतो. 2014 च्या जानेवारीत नाके जळाले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली. नाक्यावरच्या कारकुनाला दोन्ही दिवशी शिव्याच खाव्या लागल्या, हे वेगळे.

मग सरकारने झालेल्या कामाचे मूल्यांकन करावयास समिती नेमली. या एका गोष्टीकडे आमच्या श्रोत्यांनी लक्ष द्यावे. रस्ते बांधून झाले, टोल सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि त्यानंतर मोजावयाचे होते की काम नेमके किती रुपयांचे झाले! फीत घेऊन माणसे रस्त्यावर उतरली ती तेव्हा. 2015 च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. शहरात साखर वाटली गेली आणि ती वाटणे योग्यच होते. कंपनीला द्यावयाची रक्कम साडेचारशे कोटींच्या घरात गेली. ती राज्याच्या तिजोरीतून जावयाची होती, म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा रस्ता कधी पाहिला नाही अशा गडचिरोलीच्या माणसाचाही त्यात वाटा होता.